चौदाव्या किलोमीटरचं वळण

हा हायवे जेमतेम तेवीस किलोमीटरचा. पूर्वेकडच्या मोठ्या हायवेतून फुटतो आणि पश्चिमेकडच्या मोठ्या हायवेला जाऊन मिळतो, बस्स. मध्ये एक बोगदा, चार पूल, उतरायला दोन जागा आणि नवव्या किलोमीटरला गाड्या थांबवून चार घास खायची सोय. सगळा रस्ता दोरी धरून आखल्यासारखा सरळ आहे. फक्त चौदाव्या किलोमीटरला तो उगाचच डावीकडे कलतो, एका बुटक्या टेकडीला मधोमध कापतो आणि पुन्हा उजवीकडे येतो. त्या वळणावर कपातली कॉफी हमखास सांडते.

नवव्या किलोमीटरच्या खानावळीत मा पिलसुन सतरा वर्षं सूपचं पातेलं ढवळत होती. बाई सत्तरीला आलेली, अंगाने काटकुळी, पण आवाज असा की बाहेर ट्रक धुणाऱ्यालाही ऐकू जावा. शर्टावर डाग घेऊन कोणी आत आला की ती विचारायची, "चौदावा का?"

"हो ना मावशी. मांडीवर सांडली सगळी. कुठल्या गाढवाने आखलाय हा रस्ता?"

"गाढवाचं नाव प्यो जोंगसू. सोलमे गावचा प्रमुख. गावात शिरलात की डाव्या हाताचं तिसरं घर. जाऊन भेटा, मा पिलसुनने पाठवलंय म्हणून सांगा."

ट्रकवाले हसायचे, सूप ओरपायचे आणि निघून जायचे. जोंगसूकडे कधी कोणी गेलं नाही. पण हे नाव तिने सतरा वर्षं रोज घेतलं. देवाचं नावसुद्धा इतक्या नेमाने कोणी घेत नाही.

आता तिचा राग असा की, तो समजून घ्यायचा तर रस्त्याचीच कुंडली मांडायला हवी.

मोजणीवाले पहिल्यांदा सोलमेत आले तेव्हा त्यांच्या नकाशावरची रेघ सरळ होती. ती रेघ प्यो घराण्याच्या टेकडीतून जात होती. त्या टेकडीवर प्यो लोकांच्या सात पिढ्या निजलेल्या. जोंगसू तेव्हा गावचा प्रमुख. त्याने मोजणीच्या साहेबांना नदीकाठी भाजलेली ईल मासळी खाऊ घातली, तांदळाची दारू पाजली, पुन्हा खाऊ घातली, पुन्हा पाजली. पावसाळा संपेपर्यंत नकाशावरची रेघ दोनशे मीटर डावीकडे सरकली होती. आता ती खालच्या बुटक्या टेकडीतून जात होती, जिथे गावातल्या किरकोळ माणसांच्या अकरा कबरी होत्या.

अकरापैकी दहांचे वारस गावातच होते. जोंगसूने त्यांना गोड बोलून राजी केलं. त्या दहा कबरी रीतसर हलवल्या गेल्या. पांढरं कापड अंथरलं, बांबूच्या काड्यांनी एकेक हाड उचललं, डोक्यापासून पायापर्यंत नीट मांडलं, गुंडाळलं आणि नव्या जागी पुरलं. वर दारूही ओतली. कोणाची काही तक्रार राहिली नाही.

अकरावी कबर इनदकची. इनदक म्हणजे पिलसुनची आई. ती बापाची लग्नाची बायको नव्हती, त्यामुळे सरकारी कागदावर पिलसुन बापाच्या लग्नाच्या बायकोच्या पोटची. पण गावात कोणाला ठाऊक नव्हतं? गिरणीच्या मागच्या खोलीत पिलसुन जन्मली तेव्हा नाळ कापली ती जोंगसूच्याच आईने. पाणी तापवायला चूल पेटवली ती चौदा वर्षांच्या जोंगसूनेच.

कबरींवर पाट्या ठोकल्या गेल्या हिवाळ्यात. पिलसुन तेव्हा दूर बुसान शहरात मासळीच्या कारखान्यात होती. ती गावात यायची वर्षातून एकदाच, शरदातल्या सणाआधी, आईच्या कबरीवरचं गवत कापायला. वारस शोधणाऱ्या कारकुनाने जोंगसूला विचारलं, या अकराव्या कबरीला कोणी आहे का. एक फोन लावला असता तर पिलसुन रात्रीच्या बसने धावत आली असती. पण ती आली असती तर हटून बसली असती, काम लांबलं असतं, आणि लांबलेल्या कामात रेघ पुन्हा उजवीकडे सरकली तर काय घ्या? जोंगसू म्हणाला, कोणी नाही. आणि कागदावर शिक्का मारला.

पुढच्या शरदात पिलसुन विळा घेऊन आली. टेकडी नव्हतीच. तिच्या जागी लालभडक मातीची खाच होती आणि खाचेत दोन रोलर फिरत होते. हातातला विळा कुठे ठेवावा हे तिला कितीतरी वेळ कळेना. ठेकेदाराच्या भंगारात तिला एक लाकडी पाटी सापडली. पांढऱ्यावर तांबडी अक्षरं:

"सूचना. ही कबर रस्त्याच्या हद्दीत येते. वारसांनी तीन महिन्यांच्या आत कळवावे. न कळवल्यास कबर बेवारस समजून विल्हेवाट लावली जाईल. कबर क्रमांक अकरा."

ती पाटी तिने काखेत मारली आणि कचेरीत गेली. कारकून बिचारा बरा होता. हाडं जाळून राख जिल्ह्याच्या अस्थिगृहात ठेवलीय म्हणाला, अकरा नंबरच्या कप्प्यात. नेता येईल, पण मुलगी असल्याचा कागद हवा. कागद नसेल तर निदान गावप्रमुखाने दोन ओळी लिहून द्याव्यात.

दोनच ओळी. पिलसुन तशीच जोंगसूच्या घरी गेली. तो ओसरीवर चहा पीत बसला होता.

"जोंगसूदादा, दोन ओळी लिहून द्या. इनदकची मुलगी पिलसुन, एवढंच."

"दिल्या असत्या गं. पण कोणी नाही म्हणून मीच सांगून बसलोय ना. आता लिहून दिलं तर मी खोटा ठरेन."

"ठरलात तर ठरा. आहातच."

"तोंड सांभाळ. गावात रस्ता आणलाय मी. आणि मेलेल्या बाईला काय कळतंय, ती कपाटात आहे का मातीत?"

"मग तुमच्या मेलेल्यांना काय कळत होतं? त्यांच्यासाठी रस्ता कशाला वाकवलात?"

त्याने चहा संपवला आणि बायकोला कप उचलायला सांगितलं. बायको, जिला गावात माहेरावरून बाम्गोलकरीण म्हणत, मान खाली घालून कप घेऊन आत गेली. पिलसुन त्यानंतर दारोदार फिरली. ज्यांच्या दहा कबरी नीट हलल्या होत्या त्यांच्यापैकी एकानेही प्रमुखाच्या शब्दाविरुद्ध सही केली नाही.

अस्थिगृहात बेवारस राख दहा वर्षं ठेवतात. दहाही वर्षं पिलसुन सणाला तिथे जाऊन कुलूपबंद काचेसमोर उभी राहिली. अकराव्या वर्षी कप्प्यावर दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. आधीची राख कुठे गेली विचारलं, तर सगळ्या बेवारसांची एकत्र मिसळून टाकली, असं उत्तर मिळालं. त्या दिवशी ती रडली नाही. तिने मनाशी फक्त एवढंच म्हटलं की, जोंगसू, तुझाही दिवस येईल आणि त्या दिवशी मी वाटेत उभी असेन.

हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. बाईची तयारी आधीच झाली होती.

त्याचं असं की, रस्ता वाकवण्याच्या नादात जोंगसू एक गोष्ट विसरला होता. घराण्याची टेकडी वाचली, पण गाव आणि ती टेकडी यांच्या मधून हायवे गेला. मागच्या बाजूला तलाव. टेकडीवर जायचं तर हायवेच्या पोटातून काढलेल्या एका लहानशा भुयारी वाटेनेच. ती वाट किती उंच हवी, हे ठरवायला बैठक भरली तेव्हा जोंगसू म्हणाला होता, "नांगरणीचा पॉवर टिलर गेला की झालं." आणि तेवढीच उंची ठेवली गेली. बैठकीत जिवंत माणसांपैकी कोणाच्या तिरडीचा विषय काढणं अशुभ, म्हणून कोणी काढला नाही. या गावात तिरडी म्हणजे बारा जणांनी खांद्यावर घ्यायची पालखी, वर कागदी फुलांचा दुमजली छत्रीसारखा डोलारा. ती टिलरपेक्षा किती उंच असते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोललं नाही.

बुसानची नोकरी सोडून पिलसुन गावात परतली, त्या हिवाळ्यात ती एक लांब बांबू घेऊन भुयाराशी गेली. छताला बांबू लावला, खूण केली, घरी आली. मग भुयाराच्या तोंडाशी गावाच्या बाजूला जो तीनकोनी तुकडा उरला होता, तो म्हाताऱ्या ग्वाककडून विकत घेतला. ग्वाकला वाटलं, बाईला वेड लागलंय. रस्त्याच्या धुळीत तीळ तरी येतील का?

तीळ आले. दर वर्षी सणाआधी प्यो लोक गवत कापायची यंत्रं खांद्यावर टाकून तिच्या तिळातून जायचे आणि ती बांधावर उभी राहून म्हणायची, "जा बाबांनो, जा. तुमचे आहेत जागेवर." जोंगसू तिच्याकडे बघायचा नाही. तिच्या झोपडीत ती अकरा नंबरची पाटी होती. तांबडी अक्षरं पुसट झाली की पिलसुन ती पुन्हा रंगवायची.

पाटी सापडली त्याला एकोणीस वर्षं झाली आणि चेरी फुललेली असताना चौऱ्याऐंशी वर्षांचा जोंगसू गेला. जाताना बजावून गेला की, मला जाळायचं नाही, गाडीतून न्यायचं नाही, पालखीतून न्या आणि मी वाचवलेल्या टेकडीवर पुरा. तिसऱ्या दिवशी पुरायचं, ही रीत. म्हणजे हातात दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा थोरला सांगुक पिलसुनच्या दारात आला. शहरातल्या शाळेचा मुख्याध्यापक, पंचावन्न वर्षांचा, अंगावर शोकाचा काळा सूट, दंडाला पट्टी. गुडघे टेकून बसला.

"मावशी, उद्या सकाळी बाबांना न्यायचंय. तुमच्या तुकड्यातून वाट हवी."

"कोर्टात जा. वाट मिळते म्हणतात."

"कोर्टाला महिने लागतील. बाबांना कुठे ठेवू तोवर?"

"कपाटात," पिलसुन म्हणाली. "मेलेल्याला काय कळतंय?"

सांगुकची मान खाली गेली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. पिलसुनला तेवढंच बघायचं होतं.

"वाट देईन," ती म्हणाली. "तुझा बाप माझ्या तुकड्याशी आला की मी पाटी रोवीन. ती तू सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. शाळेत वाचतोस तशी. आणि खाली बापाने न लिहिलेल्या दोन ओळी लिहायच्या."

"बापाच्या तिरडीपुढे उभं राहून त्याला खोटा म्हणू? सगळं घराणं येणारे, जिल्ह्यातली माणसं येणारेत."

"येऊ देत. कोणी नसेल तर मजा काय?"

"मावशी, एवढा डूख बरा नव्हे."

"बरा आहे. एकोणीस वर्षं मी याच्यावरच जगलेय, बघ कशी ठणठणीत आहे. जा आता. पाहुण्यांना सूप वाढ."

तो काही कबूल न करताच गेला. त्याने चौकीवर फोन केल्याचं तिच्या कानावर आलं. चौकीवाल्याने सांगितलं, जमीन बाईची आहे, तुम्ही आपसात मिटवा.

सकाळी पालखी निघाली. पुढे तांबड्या कापडावर पांढऱ्या अक्षरात जोंगसूचं नाव, मग घंटा वाजवत गाणारा म्हातारा, मग बारा खांदेकरी, मागे गोणपाटी टोप्या घातलेली मुलं-नातवंडं. फुलांचा डोलारा वाऱ्यावर हलत होता. तुकड्याशी आल्यावर पालखी थांबली. इथली रीत अशी की, ओढा किंवा पूल आला की खांदेकरी अडून बसतात, मेलेल्याचे पाय दुखले म्हणतात आणि जावयांकडून काहीतरी उकळल्याशिवाय हलत नाहीत. मागच्यांना तेच वाटलं. कोणीतरी ओरडलं, "धाकट्या जावयाला पुढे ढकला, तो आतापर्यंत सुटलाय." लोक हसले. मग पुढच्यांनी पाटी बघितली आणि हसू ओळीओळीने विझत मागे गेलं.

पिलसुन पाटीशेजारी उभी होती. पांढऱ्या सुती कपड्यात, कारण आईला कधी रीतसर पोहोचवता आलं नव्हतं. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश.

"वाच," ती म्हणाली.

सांगुक पुढे आला पण तोंड उघडेना. त्याचा चुलता मागून गुरगुरला, "बाई, मेलेल्याची तरी लाज धर." पिलसुनने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. खांदेकऱ्यांच्या खांद्याला रग लागली. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं की, गाडी बोलवा आणि जाळायला न्या. ते ऐकून सांगुकचा चेहरा पांढरा पडला.

तेव्हा मागून काठी टेकत बाम्गोलकरीण आली. ऐंशीची, वाकलेली. पालखीला हात लावून तिने दम घेतला.

"वाच रे," ती मुलाला म्हणाली. "मला अक्षर येत नाही म्हणून, नाहीतर मीच वाचलं असतं. शिक्का मारला तेव्हा मी तिथेच होते. ही दोन ओळी मागायला आली तेव्हाही होते, कप उचलत. मी गप्प राहिले. माझ्या सासूने हिची नाळ कापलेली, ते सासूने मला किती वेळा सांगितलं होतं. वाच. तुझ्या बापाला तिथे वर त्याच्या आईला तोंड दाखवायचंय."

सांगुकने वाचलं. आधी आवाज फुटेना, पिलसुन म्हणाली, "मागच्यांना ऐकू येत नाहीये," तेव्हा त्याने पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग त्याने ब्रश घेतला आणि पाटीच्या तळाशी लिहिलं:

"या कबरीला वारस होता हे प्यो जोंगसूला माहीत होतं.
वारस: मुलगी, मा पिलसुन."

वळणदार, मुख्याध्यापकी अक्षर. दोन ओळींना तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती तीन मिनिटं एकोणीस वर्षांत कोणाकडे नव्हती. पिलसुनने ब्रश परत घेतला. बाजूला झाली आणि हाताने वाट दाखवली.

"जा. माझ्याकडून आता काही अडत नाही."

पालखी भुयाराशी पोहोचली आणि पुन्हा थांबली. डोलारा छताला अडला होता. खांदेकरी वाकले, गुडघ्यात बसले, तरी हातभर उरलाच. गाणाऱ्याची घंटा बंद पडली. सगळ्यांनी मागे वळून पिलसुनकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "उंची मी ठरवली नाही. पॉवर टिलर जातो की व्यवस्थित."

दुसरा इलाजच नव्हता. रात्रभर जागून बायकांनी केलेली फुलं फाडून काढली, डोलारा मोडला, पालखीचे दांडे सोडवले. उरली ती नुसती पेटी. ती सहा जणांनी हातावर धरून, खाली वाकून, ओल्या भुयारातून नेली. वर गाड्या धावत होत्या, त्यामुळे आतलं रडणं बाहेर ऐकू आलं नाही. पिलसुन तिळाच्या वावरात उभी राहून शेवटचा माणूस आत जाईपर्यंत बघत होती. तिला बरं वाटत होतं, अगदी पोटभर जेवल्यासारखं, आणि ते तिने लपवलंही नाही.

पाटी तिने उपटली नाही.

उन्हाळा सरला. सण पंधरा दिवसांवर आला तशी टेकड्या-टेकड्यांवर गवत कापायची यंत्रं घरघरू लागली. प्यो लोकही आले, नव्या कबरीवरचं पहिलं गवत कापायला. तुकड्याशी येऊन सांगुक थांबला. पाटीभोवती गुडघाभर गवत माजलं होतं, खालच्या दोन ओळी त्यात बुडाल्या होत्या. पिलसुन उकिडवी बसून विळ्याने कापत होती. तोच विळा, एकोणीस वर्षं खुंटीवर टांगलेला, नुकती धार लावलेला. डोक्यावर चौदाव्या किलोमीटरचा कठडा होता आणि त्याच्या पलीकडे, डावीकडच्या लेनखाली, तिच्या आईची जागा.

सांगुकने खांद्यावरचं यंत्र उतरवलं.

"मावशी, कंबर धरेल तुमची. मी करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

पिलसुनने मान वर केली नाही. मुठीत गवत धरलं, मुळाशी विळा लावला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "वारस आहे इथे."

सांगुकने यंत्र पुन्हा खांद्यावर घेतलं आणि तो भुयारात शिरला. दोन्ही ओळी वाचता येईपर्यंत ती कापत राहिली.